डाव्या बाजूचं मडगार्ड

लांबी खरवडायला बसलो सकाळी सहाला,
कारण दहानंतर पत्र्याला हात लावला
की हाताची भाकर होते.
पांढरकवड्याच्या मे महिन्यात गाडीसुद्धा
चिचेच्या सावलीमागे ढकलत न्यावी लागते.

अँबेसेडर, मार्क टू. लोयांच्या जिनिंगची.
एकवीस वर्षं सरकीच्या गोदामात उभी,
उंदरांनी सीटच्या काथ्यात बाळंतपणं केलेली.
नातू पुण्याहून फोन करतो,
म्हणतो, काका, कंपनीतून निघाली तशीच पाहिजे.
मी हाव म्हणतो.
ती निघाली तेव्हा मी कुठं निघालो होतो.

वरचा रंग पांढरा. त्याखाली मोतिया.
त्याखाली एक हिरवा, फारसा कोणाला न आवडलेला.
मग लांबी, बोटभर जाड,
शिळ्या बिस्किटासारखी तुटत गेली
आणि चाकाच्या वर, दिव्याच्या मागे
निघाली पितळेची शिवण.

शिवणच म्हणतो मी तिला.
गॅसवर पितळ वितळवून एका दमात ओढलेली,
मधे कुठं गाठ नाही,
फक्त शेवटाला जराशी उलट्या अंगाला कललेली.
उईके मास्तर डावखुरे होते.

अन्सार म्हणाला, कायले थांबले उस्ताद?
मी म्हटलं, छिन्नी दे.

मडगार्ड उतरवून पालथं केलं.
आतून ठिगळाच्या पत्र्यावर अक्षरं, अर्धी जळलेली:
...द्ध सरकी तेल
१५ किलो
रिकामा डबा परत

वणी रोडवर बंडीच्या धुऱ्यानं फाडलं होतं ते.
नागपूरचा दुकानदार म्हणे, तीन महिने लागतील.
मास्तर समोरच्या हॉटेलातून पिपा घेऊन आले,
भज्यांचा वास होता त्याला.
मी अकरा वर्षांचा, चाकाच्या खोबणीत शिरून
आतून डॉली लावून बसलेलो,
कानात घण, दातांत घण,
आणि वरून त्यांचा आवाज:
पत्रा बोंबलते तिथं मारू नको बे,
त्याच्या बाजूले मार.

नवं मडगार्ड एस.टी.च्या टपावरून आलं,
पोत्यात गुंडाळलेलं, वर चकचकीत लेबल.
बॉनेटकडे एक बोट फट,
दाराकडे आगपेटीची काडी जाईना.
तीन दिवस गेले.
बोल्टची भोकं कानशीनं लांबवली,
फुगलेला भाग लाल करून
ओल्या पोत्यानं दाबला, पुन्हा लाल, पुन्हा पोतं.
चौथ्या दिवशी दार लागलं.
आवाज बरा आला. बराच म्हणू.

जुनं भंगारवाला किलोवर मागत होता.
मी शिवणीसकट तेवढा तुकडा कापला,
फटफटीला बांधला आणि पाटणबोरीला गेलो.
मास्तर तिथं पोरीकडे राहतात.
डोळे गॅसच्या उजेडानं खाल्ले, कानं अजून शाबूत.
तुकडा मांडीवर घेतला,
डाव्या अंगठ्यानं शिवणीवरून सावकाश गेले,
एका जागी थांबले.
इथं वारा लागला होता, म्हणाले.
मग कितीतरी वेळानं,
नवं बसलं?
बसवलं, मी म्हटलं.
बसवलं म्हणजे बसलं नाई.
पोरीनं चहा आणला. तो त्यांनी बशीत ओतला नाही,
कपाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले,
जिथं टवका उडाला होता तिथं.

तुकडा परत द्यायला विसरले की दिला नाही,
कळलं नाही मला. मीही मागितला नाही.
निघताना त्यांनीच हाक मारली.
हे ने. माह्या घरी पत्रं पुष्कळ आहेत.

गाडी गेली. नातवानं मडगार्डावर हात फिरवला,
त्यात स्वतःचा चेहरा पाहिला, पैसे दिले.

तुकडा आता गॅसच्या टाकीवर छपरी म्हणून ठोकलाय,
अक्षरं बाहेरच्या बाजूला.
अन्सार मोठ्यानं वाचतो, रिकामा डबा परत,
विचारतो, कोणाले परत?
मी म्हणतो, पाणकागद भिजव.
फियाट उभी आहे दारात.